तुलनेवाचून अर्धशतक : कीटकदंश, शेंगदाणा आणि अ‍ॅलर्जीच्या पुराव्याचा इतिहास

१/
जुलै १९७८. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पाच पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष आकड्यांच्या तीन जोड्यांत मावतो : १२ पैकी ७, ११ पैकी ७ आणि १८ पैकी १. मधमाशी व गांधीलमाशी यांच्या दंशाने ज्यांचा जीव धोक्यात येतो, अशा रुग्णांना जवळजवळ अर्धशतक दिला गेलेला एक उपचार या आकड्यांनी निकालात काढला.

२/
या उपचारामागे लबाडी नव्हती. तो देणारे डॉक्टर प्रामाणिक होते, घेणारे रुग्ण समाधानी होते आणि ‘गुण आला’ असे सांगणाऱ्या नोंदी ढिगाने उपलब्ध होत्या. तरीही तो उपचार मिठाच्या पाण्याहून सरस नव्हता. हे कळायला इतकी वर्षे का लागली, हा या धाग्याचा विषय आहे. त्यासाठी प्रथम १९०१ सालच्या एका सागरसफरीकडे वळावे लागते.

३/
त्या उन्हाळ्यात मोनाकोचा राजा पहिला आल्बेर याच्या संशोधन-नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. ‘फायसेलिया’ या समुद्री जीवाच्या विषाचा ते अभ्यास करीत होते. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर वाहून येणारा निळा ‘ब्लू बॉटल’ तो हाच. पॅरिसला परतल्यावर फायसेलिया मिळेना, तेव्हा त्यांनी समुद्रफुलाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले.

४/
विषाची अल्प मात्रा दिली तर प्राण्याची सहनशक्ती वाढेल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले उलटेच. ‘नेपच्यून’ नावाच्या धडधाकट कुत्र्याने पहिली मात्रा सहज पचवली. सुमारे तीन आठवड्यांनी तेवढीच अल्प मात्रा पुन्हा देताच त्याला धाप लागली, तो कोसळला आणि २५ मिनिटांत मेला. ‘संरक्षणाच्या उलट’ अशा अर्थाचा शब्द त्यांनी १९०२ साली या घटनेसाठी घडवला : अ‍ॅनाफिलॅक्सिस. या संशोधनासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

५/
१९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द रूढ केला. दोनच वर्षांनी आल्फ्रेड स्कोफील्ड या इंग्रज डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका १३ वर्षांच्या मुलाची हकिकत दिली. या मुलाला अंडे मुळीच सोसत नसे. गोळ्यांतून अंड्याचा अत्यल्प अंश देत, मात्रा सावकाश वाढवत, अखेर त्याला अंडे खाता येऊ लागले. १९११ साली लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागकणांच्या अर्काची वाढती इंजेक्शने देऊन ‘हे फीवर’वर याच धर्तीचा उपचार मांडला.

६/
तत्त्व ठरले : जे बाधते तेच थेंबाथेंबाने द्यावे, शरीराला त्याची सवय होते. मग कीटकदंशावरही हाच उपाय का करू नये? निरोगी माणसाला मधमाशीच्या एका दंशाने गांध उठते आणि ओसरते. अ‍ॅलर्जी असलेल्याच्या बाबतीत मात्र तोच दंश काही मिनिटांत अंगभर पित्त उठवतो, घसा सुजवतो, श्वास कोंडतो आणि रक्तदाब खाली आणतो. तेव्हा अ‍ॅड्रेनलिन वेळेवर मिळाले नाही तर मृत्यूही ओढवतो. अशा रुग्णाला शेतात किंवा बागेत जाणेसुद्धा भयप्रद वाटू लागते.

७/
बाधते ते विष. म्हणजे विषच द्यायला हवे होते. येथे इतिहासाने वेगळे वळण घेतले. १९३० साली अमेरिकेतील बेन्सन व सेमेनोव या संशोधकांनी एका मधमाशीपालकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला दंशाचीही बाधा होत असे आणि माश्यांच्या शरीराच्या कणांचीही. यावरून असा तर्क निघाला, की अ‍ॅलर्जी जागवणारा घटक माशीच्या सर्वांगात आहे. मग विषाची बारीकशी पिशवी वेगळी काढण्याची यातायात कशाला? अख्खी माशी वाटावी, गाळावी आणि तो अर्क टोचावा.

८/
तर्क सोयीचा होता. विषाची पिशवी मोहरीएवढीही नसते. अख्ख्या माश्या मात्र किलोंनी मिळतात. त्यामुळे ‘संपूर्ण कीटकाचा अर्क’ अमेरिकेत प्रस्थापित उपचार बनला. औषध तयार करणाऱ्यांना तो परवडला आणि डॉक्टरांच्या अंगवळणी पडला. उपचार घेतलेल्यांना पुढे पुन्हा दंश झाला, तेव्हा त्यांतील बहुतेकांना पूर्वीइतका त्रास झाला नाही, असे अहवाल येत राहिले. पुरावा म्हणून एवढे पुरेसे मानले गेले.

९/
एका संशोधिकेला ते पटले नाही. न्यूयॉर्कमधील कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित मेरी ह्यूइट लव्हलेस यांचे म्हणणे सरळ होते : माणसाच्या शरीरात जाते ते विष, तेव्हा उपचारही विषानेच व्हावा. त्या स्वतः गांधीलमाश्या पकडत, त्यांच्या विषाच्या पिशव्या काढत आणि त्या विषाची मोजकी मात्रा रुग्णांना देत. पुढे उपचार लागू पडला की नाही हे पाहण्यासाठी आपल्या देखरेखीखाली जिवंत गांधीलमाशीचा दंश करवत. १९५६ साली त्यांनी फॅक्लर या सहकाऱ्यासह आपले निरीक्षण प्रसिद्ध केले.

१०/
लव्हलेस यांचे म्हणणे बरोबर होते, हे आज ठाऊक आहे. तरीही त्यानंतर वीस वर्षे प्रचलित पद्धत ढळली नाही. प्रस्थापितांचा हट्ट हे त्याचे एक कारण असेल. पण तेवढ्यावर थांबणे इतिहासाला धरून होणार नाही. लव्हलेस यांच्या अभ्यासातही तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ‘अर्काने माझे रुग्ण बरे झाले’ असे एक बाजू म्हणत होती आणि ‘विषाने माझे रुग्ण बरे झाले’ असे दुसरी. या दोन अनुभवांत निवाडा करणारे साधन कोणाच्याच हाती नव्हते.

११/
ते साधन घडत गेले ते प्रयोगशाळेतून. १९२१ साली जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे हाइन्झ क्युस्टनर या मासे न सोसणाऱ्या डॉक्टराचे रक्तद्रव्य त्याचे सहकारी ओटो कार्ल प्राउसनिट्झ यांनी आपल्या त्वचेत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशांचा अर्क टोचताच तेथे गांध उठली. अ‍ॅलर्जी रक्तातील कोणत्या तरी घटकातून संक्रमित होते, हे यातून दिसले. त्या घटकाची ओळख पटायला १९६६-६७ उजाडले. डेन्व्हरमध्ये किमिशिगे व तेरुको इशिझाका हे दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश स्वतंत्रपणे त्या प्रतिपिंडापर्यंत पोहोचले. आज त्याला ‘आयजीई’ म्हणतात.

१२/
बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लॉरेन्स लिक्टनस्टाइन आणि त्यांचे सहकारी रुग्णाच्या पांढऱ्या पेशी परीक्षानळीत घेऊन त्यांतून हिस्टामिन किती सुटते हे मोजत. कीटकदंशाच्या रुग्णांच्या पेशी विषाला जोरदार प्रतिसाद देत. संपूर्ण कीटकाच्या अर्काला दिलेला प्रतिसाद त्या मानाने फिका असे. म्हणजे त्या अर्कात खरा कारक घटक नगण्य असावा. १९७४ साली या गटाने, अर्क निष्फळ ठरलेल्या एका रुग्णाचा दाखला देऊन, विषोपचाराची बाजू मांडली. तरीही तो दाखला एका रुग्णाचाच होता.

१३/
दरम्यान विष गोळा करण्याची अडचण एका कीटकशास्त्रज्ञाने सोडवली होती. अ‍ॅलन बेन्टन आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली ‘सायन्स’मध्ये एक युक्ती वर्णिली. मधमाश्यांच्या पेटीपाशी विजेचा सौम्य प्रवाह वाहणाऱ्या तारा ठेवायच्या आणि त्यांखाली एक पातळ पडदा ताणायचा. चिडलेल्या माश्या त्या पडद्यातून दंश करतात, विष पलीकडे जमून वाळते आणि माशी जिवंत राहते. गांधीलमाश्यांच्या बाबतीत मात्र पिशव्या काढण्याचे किचकट काम अटळच राहिले. तरी मोठ्या चाचणीला पुरेल इतके शुद्ध विष आता मिळू लागले होते.

१४/
मग जॉन्स हॉपकिन्समध्ये ती चाचणी झाली. पूर्वेतिहास आणि विषाबद्दलची संवेदनशीलता यांत सारखे असलेल्या रुग्णांचे सुमारे वीस-वीसचे तीन गट केले. एका गटाला विष, दुसऱ्याला संपूर्ण कीटकाचा अर्क आणि तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले, केवळ औषधासारखे दिसणारे द्रव्य. सहा ते दहा आठवड्यांनी, तातडीच्या उपचारांची सर्व सिद्धता ठेवून, जिवंत कीटकाचा दंश करवायचा आणि काय होते ते पाहायचे.

१५/
ही योजना अंगावर काटा आणणारी आहे. ज्यांना दंशाने पूर्वी जीवघेणा त्रास झाला होता, त्यांतील काहींना जाणूनबुजून निष्प्रभ द्रव्य देऊन पुन्हा दंश करवणे कितपत न्याय्य? पण याच प्रश्नाची दुसरी बाजूही होती. जो उपचार लागू पडतो की नाही हे कोणीच पारखले नव्हते, तो दरवर्षी असंख्य लोकांना देऊन ‘आता तुम्ही सुरक्षित आहात’ असे सांगणे तरी कितपत न्याय्य होते? चाचणीतला धोका डोळ्यांसमोर होता आणि डॉक्टर शेजारी उभे होते. चाचणीबाहेरचा धोका शेतात, रस्त्यावर, एकांतात गाठणार होता.

१६/
निकाल आला. प्लासिबो घेतलेल्या १२ जणांना दंश करवला. ७ जणांना सर्वांगीण प्रतिक्रिया झाली. अर्क घेतलेल्या ११ पैकी ७ जणांना झाली. विष घेतलेल्या १८ पैकी केवळ एकाला. टक्क्यांत मांडायचे तर अनुक्रमे ५८, ६४ आणि ६. अर्क आणि प्लासिबो यांत फरक उरला नाही. प्लासिबो व अर्क ज्यांच्या बाबतीत फसले, त्यांपैकी बहुतेकांना पुढे विषोपचार देण्यात आला. १९७९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शुद्ध विषाच्या उपचाराला परवाना दिला. लव्हलेस यांनी पहिल्यांदा धरलेली वाट आता राजमार्ग झाली.

१७/
या निकालाचे मर्म प्लासिबो गटाच्या उरलेल्या पाच जणांत आहे. १२ पैकी ५ जणांना कोणताही खरा उपचार न मिळूनही काही झाले नाही. एकदा तीव्र प्रतिक्रिया झाली म्हणजे प्रत्येक दंशाला ती होतेच असे नाही. शरीराचा स्वभाव बदलतो, दंशागणिक विषाची मात्रा बदलते. अर्कवाल्या डॉक्टरांना दिसणारे ‘बरे झालेले’ रुग्ण खरोखरच बरे होते. त्यांचे श्रेय मात्र चुकीच्या खात्यात जमा होत राहिले. उपचार न घेतलेल्यांचे काय होते, हे पाहिल्याशिवाय ही चूक दिसणे अशक्य होते.

१८/
तुलनेचा उपयोग जुने मोडण्यापुरता राहिला नाही; नव्यालाही तिने मर्यादा घातली. दंशानंतर ज्या मुलांना केवळ अंगावर पित्त उठते, श्वास वा रक्तदाबाचा त्रास होत नाही, त्यांनाही विषोपचार द्यावा का? १९९० साली प्रसिद्ध झालेल्या, जॉन्स हॉपकिन्सच्याच अभ्यासात उपचार न घेतलेल्या अशा मुलांना पुढच्या दंशांत सहसा काही झाले नाही. झाले तेही पहिल्यापेक्षा गंभीर नव्हते. अशा बहुतेक मुलांना इंजेक्शनांची गरज नाही, हे त्यातून ठरले. उलट, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पसरलेल्या ‘फायर अँट’ या मुंगीच्या बाबतीत संपूर्ण कीटकाचा अर्क आजही वापरला जातो, कारण त्यात विषातले घटक पुरेसे उतरतात.

१९/
अन्नाच्या अ‍ॅलर्जीची कथा याहून गुंतागुंतीची. दंश झाला हे नक्की सांगता येते. कोणत्या घासाने बाधा झाली हे सांगणे कठीण. १९७६ साली डेन्व्हरच्या चार्ल्स मे यांनी दमेकरी मुलांना संशयित पदार्थ अपारदर्शक कॅप्सूलमधून दिले. कोणत्या कॅप्सूलमध्ये पदार्थ आणि कोणत्यात प्लासिबो, हे मुलालाही ठाऊक नसे आणि पाहणाऱ्यालाही. घरच्यांनी ज्यांवर संशय घेतला होता, त्यांपैकी कितीतरी पदार्थ निर्दोष निघाले. पदार्थ लपवून केलेली ही परीक्षा पुढे अन्न-अ‍ॅलर्जीच्या निदानाची कसोटी बनली.

२०/
१९९२ साली दोन कटू नोंदी झाल्या. ह्यू सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी अन्नामुळे मरण पावलेल्या सहा आणि मरता मरता वाचलेल्या सात मुलांचा अभ्यास मांडला. वाचलेल्या सातांपैकी सहा जणांना अर्ध्या तासाच्या आत अ‍ॅड्रेनलिन मिळाले होते. दगावलेल्या सहांपैकी फक्त दोघांना पहिल्या तासात मिळाले. त्याच वर्षी शेंगदाण्याच्या अर्काची इंजेक्शने देणाऱ्या एका चाचणीचा अहवाल आला. औषध तयार करण्यातील चुकीमुळे प्लासिबो गटातील एका व्यक्तीला शेंगदाण्याचा अर्क टोचला गेला आणि ती मरण पावली. चाचणी तेथेच थांबली. तुलनेची किंमत कधी कधी इतकी मोठी असते.

२१/
आणि मग जुनी चूक नव्या वेषात परतली. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी वाढते आहे असे दिसताच १९९८ साली ब्रिटनमध्ये आणि २००० साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला : ज्या बाळांना अ‍ॅलर्जीचा धोका अधिक, त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. जे बाधते ते टाळावे, यात चूक ती काय? सल्ला तर्काला धरून होता आणि घरोघर पाळला गेला. मात्र टाळणाऱ्या आणि न टाळणाऱ्या बाळांची तुलना कोणी केली नव्हती. पुरावा अपुरा असल्याचे मान्य करून अमेरिकी संघटनेने २००८ साली हा सल्ला मागे घेतला.

२२/
त्याच वर्षी लंडनचे गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण तफावत समोर ठेवली. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण १.८५ टक्के होते, तर इस्रायलमधील ज्यू मुलांत ०.१७ टक्के. वंशपरंपरा बरीचशी सारखी, मग दसपट फरक कशाचा? इस्रायलमध्ये बाळे ‘बाम्बा’ नावाचे शेंगदाण्याचे कुरमुरीत खाणे पहिल्या वर्षातच खातात. ब्रिटनमध्ये त्या वयात शेंगदाणा वर्ज्य होता. सूचक खरे, पण दोन देशांत फरकाची इतर शंभर कारणे असू शकतात. लॅक तेथे थांबले नाहीत.

२३/
त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळे निवडली. वय ४ ते ११ महिने. त्वचाचाचणीत शेंगदाण्याला मोठी प्रतिक्रिया देणारी बाळे आधीच वगळली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केला. २०१५ साली निकाल आला. ज्यांची त्वचाचाचणी सुरुवातीस निर्दोष होती, त्यांत पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जीचे प्रमाण टाळणाऱ्यांत १३.७ टक्के आणि खाणाऱ्यांत १.९ टक्के निघाले. ज्यांना सौम्य प्रतिक्रिया होती, त्यांत ३५.३ विरुद्ध १०.६. ज्याला संरक्षण समजले जात होते, त्यातूनच धोका वाढत होता. रिशे यांच्या कुत्र्याच्या बाबतीत सवय लावण्याचा प्रयत्न घातक ठरला. येथे सवय न लावणे महागात पडले.

२४/
एक सावधगिरी येथेच नोंदवायला हवी. हा निकाल अ‍ॅलर्जी जडण्यापूर्वीच्या बाळांविषयी आहे. जिला अ‍ॅलर्जी जडली आहे, अशा व्यक्तीला घरच्या घरी तो पदार्थ किंवा दंश ‘सवयीसाठी’ देणे प्राणघातक ठरू शकते. अशांसाठी शेंगदाण्याच्या मोजक्या मात्रांचा उपचार २०२० साली अमेरिकेत मान्य झाला, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याआधीच्या मोठ्या चाचणीत ४ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी उपचार घेतलेल्या ६७.२ टक्क्यांनी ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन सोसले. प्लासिबो घेतलेल्या ४ टक्क्यांनी. हा उपचार अ‍ॅलर्जी समूळ घालवत नाही. शेंगदाणा टाळणे आणि अ‍ॅड्रेनलिन जवळ बाळगणे सुटत नाही.

२५/
अर्काची आणि शेंगदाणा टाळण्याच्या सल्ल्याची अशा दोन्ही कथांत अनुभव होता, सद्हेतू होता, तर्कही होता. उणीव होती ती ज्यांना काहीच दिले नाही, किंवा वेगळे दिले, अशांच्या नोंदीची. ती नोंद मिळवायला कोणाला तरी त्या गटात बसावे लागते. १९७८ च्या चाचणीत बारा जणांनी निष्प्रभ द्रव्य घेऊन दंशासाठी हात पुढे केला आणि त्यांतील सात जणांनी तो त्रास सोसला. शोधनिबंधावर संशोधकांची नावे आहेत; या बारा जणांची नाहीत. आज मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशावर मिळणाऱ्या विषोपचाराचा पाया त्यांच्या त्या दिवसावर उभा आहे.